मोटार भरण्याचा प्रस्ताव

प्रेमराज सरांना दोन गोष्टींचा गर्व होता. धुळ्याच्या आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडले तेव्हा ते वर्गात पहिले होते, हा एक. दुसरा, पारोळा तालुक्यात त्यांच्याइतकं शुद्ध सरकारी मराठी लिहिणारा माणूस नव्हता. 'सबब' आणि 'विनाविलंब' हे शब्द ते घरी चहा मागतानाही वापरत. आई प्रमिलाबाई म्हणायच्या, "हाऊ पोऱ्या घरमा बी अर्ज कराले लागना."

पहिल्या गर्वावर त्यांना नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे तशी नोकरी नव्हे. गावच्या सरकारी शाळेत नववी-दहावीला वीजकाम हा व्यवसाय विषय सुरू झाला, त्याचे ते प्रशिक्षक. नेमणूक एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांची. बारावा महिना सरकारने त्यांना बहुधा हवापालटासाठी ठेवला होता. या विषयाचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. मिळून म्हणजे, हॉटेलात बिल आल्यावर दोन मित्र खिसे चाचपत बसतात तसं. "तू आधी काढ" म्हणता म्हणता वर्ष सरतं, आणि तोवर मुलं फळ्यावर पंपाचं चित्र काढून व्यवसाय शिकतात.

त्या वर्षी दहावीच्या वर्गाला, त्यात बहुतेक मुलीच, प्रात्यक्षिकात जळालेली मोटार दुरुस्त करून चालवून दाखवायची होती. ती चालली नाही तर पुढच्या वर्षापासून विषय बंद आणि प्रेमराज सर घरी. नववीतल्या दिपमालाला तर शिकून पारोळ्यात मोटारींचं दुकान टाकायचं होतं. तिचं शिक्षण अर्ध्यावरच तुटलं असतं. शाळेत जळालेल्या दोन मोटारी होत्या, पण तांब्याची तार वीतभरही नव्हती. सरांनी बाह्या सरसावल्या आणि आपल्या उत्तमोत्तम मराठीत प्रस्ताव लिहिला: 'कार्यशाळेतील मोटारी भरण्यासाठी विनाविलंब निधी मिळावा.'

इकडे विहिरीवरची मोटार जळली की जुनी तार काढून नवी गुंडाळतात, त्याला मोटार भरणं म्हणतात. खानदेशातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण प्रस्ताव जिथे गेला तिथे विहिरी नव्हत्या, गाड्या मात्र भरपूर होत्या. उत्तर आलं: 'शाळेस वाहन मंजूर नसताना मोटार भरण्याची बाब अनाकलनीय आहे. खुलासा करावा.'

सरांनी खुलासा केला. मोटारी जुन्याच आहेत, विद्यार्थ्यांच्या सरावाच्या आहेत, आणि भरल्याशिवाय त्या चालणार नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचून वर कुणाला तरी पाझर फुटला असावा. प्रात्यक्षिक महिन्यावर आलं असताना निधी आला. त्याचं खर्चाचं शीर्ष होतं, 'इंधन व वंगण'.

सर धावत मुख्याध्यापक ललित सरांकडे गेले. "सर, विजेच्या मोटारीत डिझेल कुठून ओतू?"

"तो तांत्रिक प्रश्न झाला," ललित सर शांतपणे म्हणाले. "पण या पैशातून तार घेतलीत तर ऑडिटला मी अडकेन. आणि भरायचं आहे असं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

निधी आला तसा परत गेला. सर शाळेच्या पायरीवर बसले आणि चक्क रडले. सरकारवर रडण्यात त्यांना नवीन काही नव्हतं. आपल्याच एका शब्दाने मुलांचा घात केला, हे त्यांना फार लागलं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले रुपचंद आबा मोटारसायकलला जळालेली मोटार बांधून आले. "मास्तर, मनी मोटार जयनी. पारोळाले नेऊ, का तुन्या पोरी भरतीन?"

"आबा, तार नही शे."

"तार मी आनस. दुकानवाला काय फुकट देस का?"

आबांची मोटार मुलींनी भरली. ती धड चालली, मग गावभर बोभाटा झाला. कांद्याला पाणी द्यायचे दिवस, जो तो जळकी मोटार आणि तारेचं बंडल घेऊन शाळेच्या दारात उभा. फळ्यावरचा पंप पुसला गेला, कारण आता फळ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तपासणीला साहेब आले. दहावीच्या मुलींनी भरलेल्या मोटारीचं बटण दिपमालाने दाबलं आणि पाण्याची धार थेट साहेबांच्या बुटांवर आली. साहेब भिजूनही खूश झाले. सरांना वाटलं, वाचलो.

महिन्याभराने अहवाल आला. 'सदर वर्ग लोकसहभागातून उत्कृष्टपणे सुरू आहे. शासनाचा निधी अखर्चित परत आला, यावरून निधीची आवश्यकता दिसून येत नाही. सबब पुढील वर्षापासून या विषयासाठी तरतूद करू नये.' प्रेमराज सरांनी तो दोनदा वाचला. 'सबब' अगदी बिनचूक वापरला होता.

तरतूद नाही म्हणजे प्रशिक्षक नाही, आणि प्रशिक्षक नाही म्हणजे विषय नाही. मात्र लोकसहभागाचं कौतुक व्हायलाच हवं, म्हणून शाळेत सत्कार ठेवला. त्याच साहेबांच्या हस्ते सरांना शाल आणि नारळ मिळाला. समोर दिपमाला बसली होती, हातावर मोटार भरतानाचे वॉर्निशचे डाग तसेच. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. एरवी ते 'उपस्थित मान्यवर'पासून सुरुवात करत, पण त्या दिवशी माईकसमोर तोंडातून आईची भाषा आली.

"साहेब, पाणीनी मोटार जयनी ते मन्या पोरी भरी देतस. हाई शाळा जयनी, ती कोन भरी?"

रुपचंद आबांनी टोपी काढून डोळे पुसले. साहेबांना ही भाषा येत नव्हती, पण 'शाळा' आणि 'भरी' एवढं त्यांनी नीट ऐकलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि माईक जवळ ओढला.

"तुमची भावना मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण सध्या भरती बंद आहे."