फोटोतला हिरवा काठ

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, गेल्या त्या सकाळी अंगणात बायका जमल्या होत्या. सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांना हिरवी साडी नेसवून हळदीकुंकू लावायचं चाललं होतं. तेवढ्यात कमलताई आल्या. बायका बाजूला झाल्या. त्यांनी वाकून कुंकू लावलं, अक्कांच्या कपाळावर हात जरा वेळ तसाच ठेवला आणि निघून गेल्या… याच हातासाठी अक्का किती दिवस थांबल्या होत्या.

मी वारज्यात नांदायला आले तेव्हा इथे शेतंच होती. मत मागायला कोणी आलं की अक्का म्हणायच्या, "आधी तुमच्या घरी येऊन जाते." आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने मला घेऊन खरंच जायच्या. परतताना म्हणायच्या, "सासूसमोर सून मोकळी हसली बघ. माणूस बरा हाय." गल्लीतल्या बायका त्यांच्या शब्दावर मत द्यायच्या.

पुढे गुडघे गेले. अक्का आपल्या यजमानांशेजारी, आमच्या भाऊजींशेजारी, टीव्हीपुढे बसू लागल्या. गेल्या निवडणुकीला आमच्याच गल्लीतल्या कमलताई उभ्या राहिल्या. त्यांचं घर तर रोजच्या जाण्यायेण्यातलं. पण भाऊजींच्या फोनवर एक फोटो आला. कमलताई एका माणसाशेजारी हसत उभ्या आणि खाली लिहिलेलं, बिल्डरला गल्लीचं पाणी विकलं. संध्याकाळी टीव्हीवरही तोच फोटो.

"कमलताई तशा नाहीत, अक्का," मी हळूच म्हटलं.

"डोळ्यांनी दिसतंय की! खोटं कसं आसंल?"

अक्कांनी घरोघरच्या बायकांना बोलावून सांगितलं. कमलताई पडल्या.

नंतर एका दुपारी अक्कांनी तो फोटो पुन्हा पाहिला. कडेला हिरव्या साडीचा काठ तेवढा दिसत होता, बाकीची बाई कापलेली. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "अगं, ही मीच की… कमलच्या पुतणीचं लगीन. हा बिल्डर कसला, नवरदेवाचा मामा हाय हा." त्या लग्नात आम्ही दोघी जेवून आलो होतो.

संक्रांतीला कमलताईंचं बोलावणं येईल, तेव्हा सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, असं अक्कांनी ठरवलं. त्या दिवशी साडी नेसून दारात बसून राहिल्या. बायका वाण घेऊन परत आल्या तरी आम्हाला बोलावणं नव्हतं.

"मी धरून नेते, चला," मी म्हटलं.

"न बोलावता कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढची संक्रांत त्यांना दिसली नाही.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. भाऊजी संध्याकाळी बातम्या लावतात आणि मधूनच, सवयीने, "ऐकलंस का गं?" म्हणतात. परवा टीव्हीवर कुणाची तरी अशीच बदनामी चालली होती. भाऊजींसमोर मी कधी तोंड उघडत नाही. पण स्वयंपाकघरातून बोलून गेले, "हे खरं कशावरून?"

भाऊजी दचकले. त्यांनी आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं… मग टीव्हीचा आवाज वाढवला.