मागे राहिलेल्यांची फेरी

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर होती आणि निवृत्त झाल्यावरही ती काही बसमधून उतरली नाही. घरी पाहुणे आले तरी "पुढे सरका, मागे जागा आहे" म्हणायची. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा कायम हातात, आणि आपलं म्हणणं पटवायचं असलं की त्याने टेबल वाजवायची. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. मी तिच्या बहिणीचा मुलगा आणि माझा भाजीचा टेम्पो, त्यामुळे ते डोकं बहुतेक वेळा माझंच असायचं.

नदीकाठच्या आमच्या वस्तीत पाणी शिरलं ते तिच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. वस्तीतून बाहेर पडलेली शेवटची बस तिचीच होती. माणसं दारात लोंबकळत होती, म्हाताऱ्यांना मांडीवर घेतलं होतं. एवढ्यात शेजारची शिंपीण आपल्या तांबड्या कुत्रीला पोटाशी धरून आली. मावशी म्हणाली, "जागा नाही. तिला खाली ठेव, नाहीतर तूही राहशील." शिंपिणीने ठेवली. मावशीने डबल बेल दिली, बस निघाली. तांबडी पाण्यातून बसमागे धावत राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

कुत्रीच्या जागी एक लेकुरवाळी उभी राहिली, म्हणून मावशीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही. "बरोबरच केलं," म्हणते, "पण बरोबर केलं म्हणून झोप लागते असं नाही." शिंपीण त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

पाणी ओसरल्यावर वस्ती धोक्याची ठरली. आम्हाला टेकडीवर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. जनावरांना कोण खोली देणार? कुत्री, मांजरं, एक दाढीवाला बोकड, सगळी खालीच राहिली, चिखलात आणि गच्च्यांवर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मावशी निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी पत्र्याची बादली घेऊन दारोदार उरलेला भात आणि पाव गोळा करत फिरली. मग माझ्या दारात येऊन म्हणाली, "टेम्पो काढ."

"मावशी, मी त्यात भाजी नेतो."

"मग येताना धुवू."

धुवायचो मीच, रोज.

पहिल्या दिवशी कुत्र्यांनी बादलीवरून एकमेकांचे कान फाडले. मावशीला बेशिस्त खपत नाही. तिने चिमट्याने बादलीवर एकदा वाजवलं, टण. गाडी थांबली, या. सगळ्यांचं खाऊन झालं की टण टण. गाडी सुटली, निघा. मी पोट धरून हसलो. पण थोड्याच दिवसांत एका ठोक्यात अख्खी फौज भिंतीलगत उभी राहायला लागली, आणि टण टण झालं की बादलीत खुपसलेलं तोंडसुद्धा बाहेर काढून गुमान चालू पडायला लागली. मध्येच घुसणाऱ्या काळ्या बोक्याचं नाव तिने 'विनातिकीट' ठेवलं. बोकड रोज वेळेवर हजर, म्हणून तो 'पासवाला'.

तांबडी वाचली होती. शिंपिणीच्या पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसून लांबून बघायची, पण मावशी असेपर्यंत बादलीकडे फिरकायची नाही. मावशी तिच्या वाटणीचं उंबऱ्यापासून थोडं दूर ठेवायची आणि पाठ फिरवायची. "रागावलीये," म्हणायची. "रागावू दे. मी काही बदली मागून जाणार नाही."

मग कळलं की उरलेली घरंही पाडणार. मावशी बस डेपोत गेली आणि मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकावर ठाण मांडून बसली. बोलायची नाही, नुसती बघायची. त्याचं जेवण गोड लागेना. शेवटी त्याने डेपोमागची जुन्या टायरांची शेड जनावरांसाठी देऊन टाकली. पाडकामवाल्यांनी मात्र बजावलं की यंत्र सुरू व्हायच्या आत काय न्यायचं ते न्या, नंतर कुणाला आत सोडणार नाही.

त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा शिंपीण आपल्या दारात उभी होती. बोलली नाही, पण तांबडीचं जुनं अंथरूण तिने टेम्पोत टाकलं.

खाली मावशीने बादली टेम्पोत ठेवून वाजवली, टण. एकेक करून सगळी चढली, बोकडसुद्धा. फक्त तांबडी उंबऱ्यावर. "हिच्यासाठी दुसरी फेरी मारू," म्हणत मावशी मागे चढली आणि इतकी वर्षं हाताला जे वळण पडलं होतं तेच त्या हाताने केलं. चिमट्याने टेम्पोच्या पत्र्यावर वाजवलं, टण टण.

मी गिअर टाकला आणि मागे अख्खी गाडी रिकामी झाली. शिस्तीची जनावरं ती. गाडी सुटली म्हटल्यावर थांबतात कशाला?

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती चिमट्याकडे बघत बसली. तिचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच बघितला. गल्लीच्या टोकाला यंत्राने पहिली भिंत पाडली, तशी ती उठली आणि सरळ यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"थांबव."

"मावशी, माझी ड्युटी आहे," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

"माझीही आहे. तू चहा पिऊन घे."

त्याने यंत्र बंद केलं. मावशी रिकामी बादली वाजवत गल्लीगल्लीत फिरली आणि जनावरं पुन्हा तिच्या मागे आली. "रिकाम्या बादलीला आली रे," ती म्हणाली आणि डोळे पुसले. या वेळी आम्ही मागे जाळी बांधली.

तांबडी मात्र भिंतीच्या आवाजाने बिचकून घराच्या आत जाऊन बसली होती. हाका मारल्या, पाव दाखवला. यंत्रावरचा माणूस चहा संपवून परत वर चढला.

"मावशी, एक राहिली तर राहिली," मी म्हटलं.

"तसं मी एकदा केलंय," ती म्हणाली. "गाडी काढ. हळू."

"आणि ही?"

"ड्रायव्हरने मागे बघायचं नाही. बेल ऐकायची."

एरवी ती माझ्या शेजारी बसायची. आता जाळीबाहेर, मागच्या पायरीवर उभी राहिली, दोरी धरून, बसच्या दारात उभी राहायची तशी. टण टण. मी गाडी काढली, आणि अर्थात आरशात बघितलं. तांबडी बाहेर आली. कान उभे. गाडी निघालेली, दारात तीच बाई, तीच बेल. क्षणभर ती थांबली आणि मग धावत सुटली, त्या दिवशी धावली होती तशीच, जिवाच्या आकांताने.

टण.

मी असा ब्रेक मारला की पासवाला केबिनवर येऊन आदळला. तांबडी थोड्या अंतरावर थबकली, धापा टाकत. मावशी खाली उतरली. जाळीचा कोपरा सोडला, कडेला ते जुनं अंथरूण पसरलं आणि आतल्यांना म्हणाली, "पुढे सरका." मग तांबडीकडे वळली. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"ये. जागा आहे."

त्यानंतर मी आरशात बघितलं नाही. क्लचवर पाय ठेवून डबल बेलची वाट बघत बसलो. ती यायला बराच वेळ लागला.