हिरव्या वायरीचा मान

चाळीस वर्षं मोटरींत हात घातलेत. मोटरीच्या जाळीत भुसा साठतो तसे किस्से साठतात. लोक ऐकून हसतात. मी हसत नाही. त्यातल्या दरेकात कोणीतरी मरता मरता वाचलंय.

डिंगोऱ्याजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी वायरमन. मालक भाऊसाहेबांनी मोटरींना ड्राइव्ह बसवले. ड्राइव्ह म्हणजे मोटर हळू-जोरात पळवणारा डबा. तो बसला की मोटरीच्या अंगात चोरटा करंट उतरतो. हिरवी वायर त्याला जमिनीत नेते. ती नसली की तो हात लावणाऱ्यातून जातो. एवढंच शास्त्र! मी चौथी नापास, मला कळतं.

*

पहिल्याच आठवड्यात करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर सारखा पडायला लागला. एक दिवस सुपरवायझर हसत आला.

"आबा, प्रॉब्लेम सॉल्व! हिरवी वायर काढली, ब्रेकर पडायचा थांबला."

"आता माणूस पडंल!"

वायर परत जोडेपर्यंत कुणाला मोटरीकडं फिरकू दिलं नाही.

*

चूक माझीही सांगतो. मेन स्विच बंद केला, ड्राइव्हचं झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर लावला. फाट्! टोक वितळलं. बंद केल्यावरही आत करंट साठून असतो, दहा मिनिटं थांबा, असं झाकणावर लिहिलेलं. इंग्रजीत!

तेव्हापासून नियम केला. स्विच बंद, मग अख्खा चहा, मग मीटर, मग झाकण.

नवा इंजिनियर म्हणाला, "मी चहा पीत नाय."

"मग दूध पी. पण बस खाली!"

*

त्याच सुपरवायझरनं एकदा हिरवी वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली. तो पाइप भिंतीपलीकडं गोठ्यातल्या हौदाला. दोन दिवस म्हशी पाण्याला तोंड लावीनात. डॉक्टर आला, इंजेक्शनं झाली. मी वायर सोडून अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पट्टीला लावली, म्हशी घटाघटा प्यायल्या.

"म्हशीला कळतं राव, तुला न्हाई!"

*

दसऱ्याला यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी मोटरींना नवा रंग. ऑर्डर होती म्हणून एक मोटर चालूच. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, ताट घेऊन आल्या. धुतलेली फरशी, अनवाणी पाय, ओलं बोट कुंकवात.

माझी नजर हिरव्या वायरीच्या बोल्टवर गेली. बोल्टाखाली रंग!

"वहिनी, हात मागं!"

बोट मोटरीपासून वीतभर राहिलं.

"आबा, पूजेत वरडता?" भाऊसाहेब खवळले.

मी टेस्टर लावला. भक्कन पेटला.

मोटर बंद केली. चहाही झाला. बोल्ट खोलून पॉलिश पेपरनं नवा रंग खरडला, लोखंड चकाकेपर्यंत.

"सणासुदीचं खरडताय व्हय?"

"रंगातनं करंट जमिनीत जात न्हाई, भाऊसाहेब."

वायर आवळली, मोटर चालू केली, मीटर पाहिला. मगच म्हणालो, "लावा कुंकू."

वहिनींनी आधी माझ्या हातातल्या पॉलिश पेपरकडं पाहिलं, मग कुंकू लावलं.

पुढच्या दसऱ्याला ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

"हे आणि काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

वहिनींनी तो तुकडा माझ्या हातात दिला. "तुमी नारळ धरा. आधी आबांचं होऊ द्या."