घंगाळातला समुद्र

माझ्या साडूभाऊंनी खुला समुद्र पाहिला आणि मी नाही, ही गोष्ट आमच्या नात्यात कुणालाच महत्त्वाची वाटत नाही. मला वाटते. मी बऱ्हाणपुरात मुलांना भूगोल शिकवतो. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी जास्त, हे वाक्य फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आता आपणहून चालतो. पण मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. चौपाटीवर भेळ खाताना दिसतो तो समुद्र मी धरत नाही.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. नेपानगरला राहतात, कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. पक्षी बघायला त्यांना मीच शिकवलं. त्यांच्या गळ्यात पहिल्यांदा दुर्बीण पडली ती माझी. राजघाटावर नदीवरून झेपावणारा सुरय दाखवून ‘हा बगळा नव्हे’ असं मी त्यांना तीन वेळा सांगितलं होतं.

आणि समुद्रावर गेले ते!

झालं असं, की समुद्री पक्ष्यांची मोजणी करणाऱ्या काही मंडळींनी बोटीने दोन दिवस आत जायचं ठरवलं. ‘इच्छुकांनी कळवावे’ असा निरोप फिरत आमच्यापर्यंत आला. मी अर्ज लिहायला बसलो. आजवर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी जोडली, काहींची रंगीत चित्रं काढली, सुरुवातीला पक्षिनिरीक्षणाचे संस्कारमूल्य यावर दीड पान लिहिलं आणि सगळं लखोट्यात घालून टपालाने पाठवलं. तो लखोटा पोचला तेव्हा बोट जाऊन परत आली होती. साडूभाऊंनी फोनवर एवढंच लिहिलं होतं : ‘मी येऊ का?’ तिकडून उत्तर आलं : ‘या.’

त्यानंतर आली आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. जेवायला आम्ही त्यांच्याकडे. खापरावरचे मांडे, आमरस, आणि त्यांच्या तोंडी समुद्र.

“मास्तर, हा मांडा म्हणजे समुद्र समजा,” साडूभाऊ म्हणाले.

“समजलो.”

“सगळीकडे सारखाच दिसतो ना? पण पाखरं सगळीकडे नसतात. तासन्‌तास बोट जाते, वर एक पीस दिसत नाही. आणि मग एकदम…” त्यांनी मांड्याच्या एका कोपऱ्यावर तुपाची धार सोडली. “इथं खालचं गार पाणी वर येतं. त्याच्यासोबत तळचं खत येतं. त्यावर बारीक जीव पोसतात, त्यांच्यावर मासे. मोठे मासे खालून हाकलतात, बारके वर उड्या मारतात आणि पाखरं वरून झडप घालतात. सगळा बाजार इथं भरतो. थोडं पुढं गेलं की परत सुनसान.”

मी भूगोलात हेच शिकवतो, पण माझ्या हातात कधी तूप नसतं.

“किती छान समजावता हो दाजी!” बायको म्हणाली. “यांनी मला इतक्या वर्षांत एवढंच सांगितलंय की पृथ्वी गोल आहे.”

साडूभाऊ आता कुठल्याशा काळ्या पाखराबद्दल सांगू लागले. त्यांना ते दिसलं नव्हतं, त्याची हळहळ होती. मी उठलो, मोरीत गेलो आणि हात धुण्यासाठी नळ जितका मोठा सुटतो तितका सोडला. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

मे संपता संपता अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं. आमच्याकडे त्याचं शेपूट आलं तेवढ्यानेही तापीकाठच्या केळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्याच एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे.

“सर, तुम्ही पक्षीवाले ना? आमच्या केळीत एक पाखरू पडेल आहे. कावळा नाही, कबूतर नाही. पण या संभालके, चोच मारतंय!”

गेलो. पडलेल्या खोडाच्या आडोशाला ते बसलं होतं. वरून काजळ फासल्यासारखं काळं, खालून पांढरंशुभ्र, कपाळावर पांढरा टिळा, शेपूट दुभंगलेलं. पुस्तकात या चित्रावर मी इतक्या वेळा बोट ठेवलंय की तिथला कागद मऊ पडलाय. काजळी सुरय! भर समुद्रातला पक्षी, वादळाने उचलून आमच्या केळीत आणून टाकलेला. खरं सांगतो, पाखराला लागलंय का हा विचार मला नंतर सुचला. पहिला विचार होता, हा साडूभाऊंना दिसलेला नाही.

केळीच्या खोक्यातून घरी आणलं.

“दाजींना बोलवायचं का?” बायकोने विचारलं.

“कशाला? त्यांना ऊन बाधतं.”

आता पाहुण्याची सोय. मराठीत आपण बदकापासून बगळ्यापर्यंत सगळ्यांना ‘पाणपक्षी’ म्हणतो. या एका शब्दाने माझा घात केला. पाणपक्षी म्हटल्यावर पाणी नको? सासूबाईंनी दिलेलं तांब्याचं घंगाळ काढलं, काठोकाठ भरलं. मग भूगोल आठवला. समुद्राचं पाणी खारट. मिठाची अख्खी पिशवी फोडून आत ओतली आणि उलथन्याने ढवळत बसलो.

“लोणचं घालताय का त्याचं?”

“तू गप्प बस. त्याला घरच्यासारखं वाटायला पाहिजे.”

पाखरू अलगद पाण्यात सोडलं. ते पोहेल असं वाटलं होतं. ते बुडू लागलं. पंख फुगून जड झाले, पिसं अंगाला चिकटली, मान एका बाजूला कलली. मी म्हणत होतो, “सवय होईल, सवय होईल.”

“अहो, मरतंय ते!” बायको ओरडली. “आता तुम्ही फोन लावता की मी लावू?”

मी लावला.

“साडूभाऊ, सहज विचारतो. काजळी सुरय पाण्यात बसवला तर…”

“बसवला? कुणी?”

“समजा, कुणीतरी.”

“मास्तर, आधी बाहेर काढा त्याला!”

बाहेर काढलं. फोन चालूच होता.

“आखाजीला सांगितलं होतं ना तुम्हाला! तो समुद्रावर राहतो, समुद्रात नाही. त्याच्या पिसांना पुरेसं तेलच नसतं, भिजला की संपला. वरच्या वर मासा उचलतो. वर्षानुवर्षं हवेत राहतो, झोपतो ते पण उडता उडता. जमिनीला पाय लावतो तो फक्त अंडी घालण्यापुरता. गोड्या पाण्याने मीठ काढा, मऊ फडक्याने टिपा आणि अंधारात ठेवा. निघालोच.”

भर दुपारच्या उन्हात ते स्कूटरवर आले. सोबत स्वतःचं जुनं धोतर, मऊ म्हणून. पाखरू असं हातात घेतलं, की माझ्या बोटांवर तीन ठिकाणी रक्त काढणारं ते पाखरू तिथे डोळे मिटून बसलं. घंगाळाकडे पाहिलं, मिठाच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, पण एक टोमणा मारला नाही. हा माणूस मनाने मोठा आहे, याचाही मला राग आला.

वनखात्याला कळवलं. पाखरू तगलं. किनाऱ्यावर अशा पाखरांवर उपचार करणारी माणसं आहेत, तिकडे गाडी जाणार होती. सोबत एकाला जागा होती. मी छतावरच्या पंख्याकडे बघत राहिलो.

“मास्तर जातील,” साडूभाऊ म्हणाले. “पाखरू त्यांचं आहे.”

तिथे त्याला चार दिवस ठेवलं. मासे खाऊन पठ्ठ्या आमच्यावर चोच उगारायला लागला, तेव्हा एका सकाळी त्याला बोटीतून आत नेलं. मीही बोटीत. अखेर खुला समुद्र! किनारा दिसेनासा व्हायच्या आधीच मला बोट लागली. खोका उघडला त्या क्षणी मी बोटीच्या दुसऱ्या कडेला, डोकं खाली, सकाळचे पोहे अरबी समुद्राला अर्पण करत होतो. मागे पंखांचा फडफडाट ऐकू आला.

“गेला!” बोटवाला म्हणाला.

“कुठे?”

“गेला ना, साहेब.”

मी मान वर केली तेव्हा आकाश होतं, पाणी होतं, बाकी काही नव्हतं.

किनाऱ्याला लागतो न लागतो तोच साडूभाऊंचा फोन.

“मास्तर, कसा गेला? सांगा ना.”

त्यांच्या आवाजात मला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. इतकी वर्षं ते माझ्या आवाजात होतं. मग मला राहवेना. “काय सांगू साडूभाऊ! आधी बोटीभोवती एक फेरी मारली. पाण्याला टेकला नाही हं, बोटभर वरून गेला. मग एकदम उंच, आणि सरळ पश्चिमेला.”

“पश्चिमेला,” साडूभाऊंनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग हळूच : “मी असायला पाहिजे होतो.”

ते वाक्य मी आठवडाभर चघळलं.

परवा नेपानगरला एका साखरपुड्याला गेलो होतो. मांडवाच्या कडेला साडूभाऊ पाच-सहा जणांना काहीतरी सांगत होते. जवळ गेलो तर माझंच उड्डाण. “आमच्या मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलंय,” ते म्हणत होते आणि हात असा तिरका नेत होते की लोकांच्या माना पश्चिमेकडे वळत होत्या. शिवाय जाण्याआधी पाखराने एकदा वळून बघितलं, असंही त्यांनी त्यात घातलं होतं. हे मला सुचायला हवं होतं.

एकाने मला विचारलं, “खरंच वळून बघितलं का हो?”

“हो,” म्हटलं, आणि जिलेबी घ्यायला गेलो. जळत.