लाईट जाईल म्हणून

समोरच्या दारातल्या चिनी आंटीने मला मीटर बघायला शिकवलं, हे आधी सांगते. पुढे माझी अक्कल कुठे दिसलीच, तर ती तिच्याकडून उसनी आणलेली आहे. तिचं नाव मला उच्चारता येत नाही, माझं तिला येत नाही. इथे आमच्या वयाची प्रत्येक बाई आंटीच, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींना आंटी म्हणतो आणि भागतं.

मी इथे परदेशात, पुंगोलला मुलाकडे आले ती नातवाला सांभाळायला. मुलगा इंजिनीअर, सून रॅफल्स प्लेसला बँकेत. दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते दिवस मावळल्यावर परत येतात. माझी शाळा सातवीत सुटली, पण नातू दीड वर्षाचा असल्यामुळे त्याला ते अजून कळलेलं नाही. माझा राहण्याचा पास वर्षाचा होता. तो संपायला तीन महिने उरले आणि हे विजेचं प्रकरण निघालं.

इथल्या बिलावर एक चित्र असतं. आपल्या घराने किती वीज वापरली त्याचा एक खांब, आणि आसपासच्या तेवढ्याच मोठ्या घरांनी किती वापरली त्याचा दुसरा. आमच्या गावात शेजाऱ्यांकडे काय चाललंय ते कळायला ओट्यावर बसून राहावं लागतं, इथे ते घरपोच येतं. आमचा खांब शेजाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तू यायच्या आधी हा एवढुसा होता गं."

"तेव्हा दिवसभर घरात कोणी नसायचं ना," सून म्हणाली. "बाळाला चाइल्डकेअरमध्ये टाकलं की होईल पुन्हा एवढुसा."

दोघं हसले. मीही हसले, आणि घास गिळता गिळता मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. चाइल्डकेअर आलं की माझी गरज संपली, आणि गरज संपल्यावर पास कशाला वाढवतील? गावाकडे घर आहे, पण तिथे माझ्या मांडीवर झोपणारं कोणी नाही.

दुसऱ्या दिवसापासून काटकसर सुरू केली. दिवसा दिवे बंद, पंखा बंद. टीव्हीची तर पिनच काढून ठेवली. बुद्धमूर्तीपुढचा छोटा निळा दिवासुद्धा वंदना करून, क्षमा मागून बंद केला. दुपारी दोन तास फ्रीजही बंद. आमच्याकडे भारनियमनात तो आठ-आठ तास बंद असायचा, त्याने कधी तक्रार केली नाही. बाळाच्या खोलीतल्या एसीला तेवढा हात लावला नाही. तो काही माझ्या चैनीचा नव्हता. महिनाभर मी अंधारात घाम पुसत भाजी निवडली. बिल आलं, तर खांब बोटभर वाढलेला.

मीटर आमच्या दाराबाहेरच्या कपाटात असतो. बाळ झोपल्यावर मी ते कपाट उघडून त्याच्यासमोर उभी राहिले, जसं काही तो मला समजावून सांगणार होता. तेवढ्यात आंटी बाजारातून आली.

"बिल आ?"

"बिग," मी दोन्ही हात पसरून म्हणाले.

तिने पिशवी खाली ठेवली. तिने बावीस वर्षं कारखान्यात रेडिओ जोडलेत, हे मला फार नंतर कळलं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता, त्यावर तिने बोट ठेवलं. मग स्वतःचे डोळे आधी हळूहळू मिचकावले आणि नंतर भराभरा. जास्त वीज, जास्त मिचकावणं. एवढं मला सातवीवर समजलं.

मग ती मीटरजवळ थांबली आणि मी घरात बटणांपाशी गेले. "ऑफ!" "ऑन!" असा आमचा आरडाओरडा अख्ख्या मजल्याने ऐकला. निळ्या दिव्याने काडीचा फरक पडला नाही. म्हणजे मी महिनाभर बुद्धाला उगाच अंधारात बसवलं होतं. पंख्याने जेमतेम. फ्रीजने थोडा. शेवटी मी बाळाच्या खोलीतला एसी बंद केला, तर बाहेरून "वाआ!" ऐकू आलं. लाल दिव्याला डुलकीच लागली होती. थोड्या वेळाने एसी पुन्हा लावला, तर दिवा डोळ्यात कण गेल्यासारखा फडफडायला लागला.

आंटी खोलीत आली आणि दारातच दंड चोळायला लागली. रिमोटवर सोळा. बाळाच्या डोक्याला कानटोपी, अंगावर दोन गोधड्या. खिडकी दोन बोटं उघडी, पडदा हलतोय.

"स्नो आ?" ती म्हणाली.

खिडकीचं कारण सोपं होतं. बंद खोलीत लेकराला निजवायचं नाही, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. सोळाचं कारण सांगणं अवघड होतं.

"लाईट गो," मी म्हणाले.

"गो व्हेअर?"

लाईट नेमकी जाते कुठे, हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी चार बोटं दाखवली. "गो फोर अवर."

"हिअर नो गो, ला!"

तिने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, हिला खरंच माहीत नाही का, अशा नजरेने. खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे लाईट आहे तोवर दळून घ्यायचं, पाणी चढवून घ्यायचं. तशी मी सकाळी आठपासून खोली गार करून ठेवत होते, म्हणजे दुपारी लाईट गेली तरी बाळाच्या झोपेपुरता गारवा उरेल. वर्ष होत आलं, लाईट एकदाही गेली नव्हती. मी वाट बघत होते.

आंटीने खिडकी लावली, रिमोट सव्वीसवर आणला, पंखा सुरू केला. बाळाची टोपी आणि वरची गोधडी काढली. गोधडीची घडी घालताना माझ्या हातच्या टाक्यांवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

पुढच्या बिलावर खांब उतरला. शेजाऱ्यांइतका नाही. त्यांची बहुतेक घरं दिवसभर कुलपात असतात, आमच्यात एक म्हातारी आणि एक लेकरू असतं, तेवढी उंची राहायचीच. जेवताना मी सगळं कबूल केलं.

"सोळा?" सुनेचा घास हातातच राहिला. "अहो आई, मला वाटलं माझ्या ड्रायरमुळे. महिनाभर मी कपडे खिडकीत वाळवतेय!"

मुलगा खाली बघत म्हणाला, "मी माझा कॉम्प्युटर रात्री बंद करायला लागलो होतो."

म्हणजे घरात तीन चोर होते आणि तिघंही एकमेकांपासून लपून वीज वाचवत होते.

"आणि माझा पास?" मी विचारून टाकलं.

"त्याचा अर्ज तर मागच्याच महिन्यात टाकलाय, आई. बिलाचा आणि पासचा काय संबंध?"

"चाइल्डकेअरचं चिडवलं हो तुम्हाला," सून म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

पास आला तेव्हा मुलाने फोनवर दाखवला. मी तारीख दोनदा वाचून घेतली.

आंटीला मी अजून काही देऊ शकलेले नाही. थालीपीठ दिलं, ते तिखट लागून ती पाणी पाणी करत सुटली. पण तिच्या कपाटात नवऱ्याचे शर्ट आहेत. तो गेल्यावर तिने ते कोणाला दिले नाहीत. एकदा तिने ते मला एकेक करून दाखवले आणि पुन्हा तसेच आत ठेवले. ज्या दिवशी ती ते माझ्या हातात देईल, त्या दिवशी मी त्यांची गोधडी शिवायला घेईन. जाड दोरा मी गावाहून मागवून ठेवलाय. वर्ष लागलं तरी चालेल, लाईट असताना उरकायची घाई आता नाही.