उंबऱ्याबाहेरचे सर

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत उंबरा न ओलांडता घरोघर पोचलेला माणूस एकच, तो म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले सर. मूळचे लातूरकडचे. फार्मसी कॉलेजात हार्मोन शिकवता शिकवता ते स्वतःच हार्मोन होऊन बसले. बेल वाजवायची, दारातूनच निरोप सांगायचा आणि पाठ फिरवायची. "आत या की, सर," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हार्मोन कधी आत येत असतंय का, राव? पेशीच्या दारावर बेल मारायची, बास. आत कोठारातलं कॅल्शियम आपोआप सुटतंय अन् कामाला लागतंय!" सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्यांनी चपलांशेजारी उभ्यानं खाल्ला. "काही हार्मोन पेशीत शिरतात ना, सर?" असं माझ्या मुलीनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "शिरतात. ते घराणं वेगळं." मी चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट करून दमून आलो की जिन्यात गाठायचे. "काम झालं की कॅल्शियम परत कोठारात भरावं लागतंय, नाहीतर पेशी मरती. ओव्हरटाइम बंद करा." बायकोला न जुमानणारा मी, पण सरांचं ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, थायरॉइडची गाठ काढली. घरी आल्यावर त्यांच्या ओठांना मुंग्या येऊ लागल्या, बोटं आखडली. सर म्हणाले, "थंडीनं असंल," आणि त्यांना हातमोजे घातले. थायरॉइडमागच्या इवल्या ग्रंथी ऑपरेशनात दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, हे तेच दरवर्षी फळ्यावर शिकवायचे.

त्याच दुपारी आमची बेल वाजली. दारात सर, पण निरोपच नाही. मला बाजूला सारून ते अनवाणी आत आले आणि थेट स्वयंपाकघरात फरशीवर बसले. "राव, ती बोटं उघडंना. मला उमगलंच नाही हो." मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती. दोघांना गाडीत घालून मी दवाखाना गाठला. शिरेतून सावकाश कॅल्शियम गेलं, आणि संध्याकाळी काकूंनी सरांचा हात धरला, तो सहज सोडलाही.

काकू आता बऱ्या आहेत. काल सर धपाटे घेऊन आले. मी म्हटलं, "या ना आत." ते हसले. "नको. मी आत आलो की तुमच्या पोटात गोळा येईल."

खरंच आहे. हल्ली बेल वाजली की मी आधी त्यांच्या पायांकडे बघतो. ते उंबऱ्याबाहेर दिसले की जीव भांड्यात पडतो. तरी वाटतं, एकदा नुसतेच चहाला आत यावेत.