घोटभर पी, मगे बोल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

कुणकेश्वरच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या ऑफिससमोर, एक म्हातारी कोकम सरबत विकायची. पेला पदराने पुसायची, एक हात कमरेवर ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, "घोटभर पी, मगे बोल!" तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हाक मात्र घेतली. माझ्या बाटलीबंद सरबताच्या जाहिरातींत वापरली आणि कंपनीचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकली.

पुढे तेच शब्द कोणाच्या तरी रीलमध्ये दिसले, तेव्हा मी वकिलाला नोटीस पाठवायला सांगितलं. कोणाची रील, हे विचारलंही नाही.

आठवड्याने म्हातारी त्याच नोटिशीचा लिफाफा घेऊन माझ्या दारात उभी. रील तिच्या सुनेची होती.

"सून म्हायराक गेली. वाचून दाखव रे बाबा, माका इंग्रजी येणा नाय."

मी वाचलं, माझ्या कंपनीचं नाव तेवढं गाळून. हे शब्द आता एका कंपनीचे आहेत, पुन्हा वापरले तर कोर्टात खेचतील, असं सांगितलं.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्या तर माझी आवस, माझी आई म्हणायची. तिका पण नोटीस धाडूक सांग त्यांका, मसणात!"

आणि जाताना म्हणाली, "तुझे उपकार झाले हां."

आता ती मुकाट्याने पेले पुसते. ट्रेडमार्क सोडण्याचा अर्ज मी काल केला. ती नोटीस माझीच होती, हे तिला सांगायचं अजून बाकी आहे.